खाली बसणारी वाफ

डाग घेऊन आलेला माणूस आधी खोटं बोलतो. हे मी आयुष्यभर लोकांचे कपडे धुऊन सांगतो आहे, उगीच तोंडाला येईल ते नाही. "चहा सांडला" म्हणून दिलेल्या कोटावर मटणाचा रस्सा निघतो. "पावसाचं पाणी उडालं" म्हणून आणलेल्या पातळावर खोबरेल निघतं. एका मास्तरांनी तर विद्येची शपथ घेऊन शाई सांगितली आणि डाग होता पानाचा, कारण मास्तरांच्या घरी पानाला बंदी होती. लोकांना लाज वाटते, दुसरं काही नाही. पण आम्हा ड्रायक्लीनिंगवाल्यांची त्यात पंचाईत होते. चहाचा डाग पाण्याचा, रश्शाचा डाग तेलाचा. एकाचं औषध दुसऱ्याला लावलं की डाग जन्माचा बसला म्हणून समजा. म्हणून मी गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घ्यायचो, मान डोलवायचो, आणि तो पायरी उतरला की कपडा नाकाशी धरायचो. माझं नाक कधी चुकत नाही, असं मी यवतमाळभर सांगत फिरायचो. एकदा ते चुकलं. त्याचं भोगलं मात्र दुसऱ्यानं.

विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मी यवतमाळात दुकान टाकलं. त्याआधी नागपुरात एका लाँड्रीत सहा वर्षं हात काळे केले होते. गावात धोबी पुष्कळ होते, पण 'पेट्रोल वॉश' अशी पाटी माझीच पहिली. लोक पाटी वाचून आत यायचे आणि विचारायचे, "भाई, इथं मोटार धुऊन भेटते का?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रायक्लीनिंगला कोरडी धुलाई म्हणतात खरं, पण कपडा त्यात चांगला चिंब भिजतो. फक्त पाण्यात भिजत नाही, इतकंच. पाण्यात लोकर आटते, जरीचा काठ काळवंडतो, कच्चा रंग सुटतो. पेट्रोलला ह्यातल्या कशाशी घेणंदेणं नाही. ते धाग्याला फुगवत नाही, रंगाला छेडत नाही. ते तेल, तूप, मेण, डांबर तेवढं विरघळवतं. तेल सुटलं की तेलाला धरून बसलेली धूळ आपसूक सुटते. मग कपडा पिळून वाऱ्यावर टांगला की पेट्रोल उडून जातं आणि कपडा होता तसा राहतो. मात्र साखर, मीठ, हळद, घाम ह्यांच्या वाटेला पेट्रोल जात नाही. आमच्याकडचे एक वकीलसाहेब डोक्याला इतकं तेल लावायचे की त्यांच्या काळ्या कोटाची कॉलर उन्हात चमकायची. ती पेट्रोलमध्ये दोन मिनिटांत साफ व्हायची. पण काखेतला घामाचा पांढरा पट्टा जसाच्या तसा. तो मी ओल्या फडक्यानं वेगळा काढायचो. वकीलसाहेबांची तक्रार निराळीच होती. म्हणायचे, "अहो, मी उभा राहिलो की जज्जसाहेब खिडकीतून कुणाची मोटार आली ते बघतात."

हरसिंग माझ्याकडं आधी गिऱ्हाईक म्हणूनच आला. नेरच्या रस्त्यानं सायकलीवर अर्ध्या तासाच्या वाटेवर त्याचा बंजाऱ्यांचा तांडा होता. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखोमुलखी हिंडलेले. आता तांड्यात सगळ्यांची शेती होती. तिशीचा माणूस, उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं कमी. त्यानं कागदात गुंडाळलेली बायकोची ओढणी काउंटरवर ठेवली. लाल-निळी, भरगच्च कशिद्याची, काठाला आरसे आणि कवड्या. मधोमध हाताएवढा काळा डाग.

"कायचा डाग?" मी विचारलं.

"वंगन हाय भाई, बंडीच्या चाकाचं. तिची काही चूक नाई. मीच घाईघाईनं ओढली तिले बंडीत, पदर चाकात गेला."

मी तरी सवयीनं ओढणी नाकाशी धरली. वंगणच होतं. डागाचं खरं कारण पहिल्या सांगण्यात सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ते रंग पाण्यात घातले असते तर एकमेकांत वाहून गेले असते. मी ओढणी पेट्रोलमध्ये धुतली. तो मागच्या अंगणात उभा राहून बघत होता.

"पानी नाई, साबन नाई," तो म्हणाला. "मंग मळ गेला कुठी?"

"पेट्रोलात."

"मंग पेट्रोल कोन धुते?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही शिकलेल्या माणसानं विचारला नव्हता. पेट्रोल खरंच धुवावं लागतं. बरणीत स्थिर ठेवून गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ हलकेच ओतून घ्यायचं, फडक्यातून गाळायचं. मी त्याला ते दाखवलं आणि पुढच्या आठवड्यापासून कामावर ठेवलं.

त्याची आणखी एक गोष्ट इथंच सांगितली पाहिजे. त्याची बायको जमना उमरखेडकडची. तिच्या बापाचं घर दारूनं बसलं होतं. लग्नाआधी तिनं सांगून पाठवलं होतं की पिणाऱ्याच्या घरी मी नांदणार नाही. हरसिंगनं पोहऱ्याला जाऊन देवीपुढं हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा लग्न झालं. तांड्यात हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्यानंच सांगितलं होतं.

तीन वर्षं आम्ही दोघांनी अंगणात पेट्रोलचं काम केलं. महाराष्ट्र झाला त्या हिवाळ्यात आग लागली. विडी-काडीची चूक नव्हती, ती शिस्त मी कडक ठेवली होती. थंडी कोरडी होती. मी वकीलसाहेबांचा लोकरीचा कोट टबातून भरकन वर ओढला. अंगातलं स्वेटर काढताना चटचट होतं ना, तशी बारीक ठिणगी उडाली असणार. मला नुसता भक् असा आवाज ऐकू आला. हरसिंगनं ओलं पोतं टबावर टाकलं आणि मला धरून मागं ओढलं. माझ्या भिवया गेल्या, त्याच्या हातावरची लव गेली, कोट तर पुरताच गेला. वकीलसाहेब महिनाभर मित्राच्या कोटात कोर्टात गेले आणि तो त्यांना दोन बोटं आखूड होता.

त्यानंतर मी पेट्रोल सोडलं आणि मुंबईहून टेट्रा मागवला. पुरं नाव कार्बन टेट्राक्लोराइड. पाण्यासारखा स्वच्छ, वास गोडसर. हातात घेतला की आधी वजनाचंच नवल वाटतं. त्याचा डबा पाण्याच्या तेवढ्याच डब्याच्या दीडपटीहून जड. पाण्यात ओतला तर तळाशी जाऊन बसतो. तेल, मेण, डांबर पेट्रोलपेक्षा झपाट्यानं कापतो आणि त्याहून झपाट्यानं उडतो. आणि मुख्य म्हणजे पेटत नाही. उलट आगच विझवतो. पुढं कापसाच्या एका जिनिंगमध्ये पितळी पिचकारीत हाच टेट्रा भरून भिंतीला टांगलेला मी पाहिला. मला इतका आनंद झाला की मी बशीत टेट्रा ओतून लोकांना त्यावर पेटती काडी टाकून दाखवायचो. तापल्या लोखंडावर त्याचा फार वाईट धूर होतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ओळखीच्या एका म्हाताऱ्या कंपाउंडरांनी तर माझी उरलीसुरली शंकाही काढून टाकली. "अहो भाई, हा तं आम्ही जंतावर पोटात देत होतो," ते म्हणाले. जो पेटत नाही आणि जो औषध म्हणून पोटात घेतात, त्याला भ्यायचं कायले?

आता माझी चूक नीट समजून घ्या. आम्हा पेट्रोलवाल्यांच्या डोक्यात भीती एकच, आगीची. दार उघडं ठेवायचं ते आगीसाठी, अंगणात बसायचं ते आगीसाठी. आग गेली म्हणताना आम्ही सगळेच नियम उलटे फिरवले. टेट्रा महाग होता आणि यवतमाळच्या उन्हात बघता बघता उडायचा. शिवाय शेजारच्या जिनिंगमधून रुईचे तंतू उडून ओल्या काळ्या कोटांवर चिकटायचे. म्हणून मी काम अंगणातून मागच्या खोलीत नेलं. खिडकी लावली. दाराला चादर सोडली. जमिनीलगत मोरीचं भोक होतं, त्यातून उंदीर येत म्हणून चिंध्यांचा बोळा ठोसून बसवला. मधोमध पत्र्याचा टब, आणि टबाशी हरसिंग उकिडवा बसून सकाळपासून दुपार कलतानाच्या, अस्रच्या नमाजापर्यंत कपडे खळबळायचा. मी पुढं काउंटरवर, पंख्याखाली, उभा.

पाच-सहा महिने झाले असतील. हरसिंगमध्ये मला फरक दिसायला लागला. न बोलणारा माणूस दुपारनंतर आपल्याशीच हसायला लागला. आतून तांड्यातली गाणी ऐकू यायची. निघताना पायरीवर पाय हुकायचा. दोनदा सायकलीवरून पडला, एकदा भर बाजारात, लोकांदेखत. सकाळी आला की डोकं धरून बसायचा, भाकर तशीच परत न्यायचा. त्या वेळी दारूबंदी होती, म्हणजे दारू चोरून मिळायची. रस्त्यावरच्या लोकांनी निकाल लावून टाकला. एकानं मला दुकानात येऊन सांगितलं, "भाई, तांड्यावरचा माणूस, त्याले पेल्याबिगर करमन का?"

आणि मी ते मानलं. ज्या घरात दारूचं नाव निघत नाही अशा घरात मी वाढलेला, मला वाटलं मला हे लगेच कळायलाच पाहिजे. एका संध्याकाळी मी त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. टेट्राचा वास आला. मी काय तर्क केला माहीत आहे? म्हटलं, लेकाचा हुशार आहे, दारूचा वास मारायला टेट्रा लावतो.

"हरसिंग, खरं सांग. किती दिवसांपासून?"

"काय किती दिवसांपासून?"

"पिऊन राह्यला तू."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "भाई, मी पोहऱ्याले हात ठेवेल हाय."

"डाग पडला की हरेक माणूस असंच म्हणते," मी म्हणालो.

तो पायरी उतरला. सायकल हातात धरून चालत गेला.

पंधरा दिवसांनी त्यांच्या तांड्याचे नायक दुकानात आले. भोजू नायक, सत्तरीचे, पांढरा फेटा, हातात काठी. मागं जमना उभी होती, कडेवर मुलगी. अंगावर तीच आरशांची ओढणी. नायक बाकावर बसले. पाणी प्यायले.

"सेठ, तुमच्याकडं दिसभर रायते तो," ते म्हणाले. "तांड्यात बैठक बसनार हाय. ही म्हनते, मले बापाच्या घरी एक डाव पायलं थे पुन्हा पायाचं नाई. तुमी सांगा. पेते का हरसिंग?"

मी 'माहीत नाही' म्हणू शकलो असतो. तेच खरंही होतं. पण सगळं गाव माझ्या नाकाची तारीफ करायचं.

"पिताना पाहिलं नाही," मी म्हणालो. "पण वास येते."

जमनानं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. आठवड्याच्या आत ती उमरखेडच्या एसटीत बसून माहेरी गेली. बैठकीत ठरलं होतं की हरसिंगनं शपथ मोडली, आता बायको परत आणायचं नाव त्यानं काढू नये.

हरसिंग त्यानंतर थोडे दिवस आला आणि मग यायचा बंद झाला. मी म्हटलं, आता उघडउघड पीत असेल. लग्नसराई तोंडावर, कोट आणि शालू ह्यांचा ढीग. दुसरा माणूस मिळेना. एका सकाळी मीच लुंगी वर खोचून टबाशी उकिडवा बसलो.

पहिला तास काही नाही. मग मला फार बरं वाटायला लागलं. एवढं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं. मी एक कव्वाली म्हणायला घेतली, दोन ओळींपुढं येत नव्हती तरी म्हणत राहिलो. दुपार झाली, उठायला गेलो तर जमीन एका बाजूनं वर आली. भिंत धरून पुढं आलो, दुकान बंद केलं आणि घराकडं निघालो. गल्लीतली मुलं माझ्या चालीकडं बघून हसत होती, ते मला दिसत होतं आणि त्याचं मलाही हसू येत होतं.

दारात आमच्या घरच्या, जैबुन्निसा, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडं वर पाहिलं, उठल्या, जवळ येऊन वास घेतला आणि दोन पावलं मागं सरल्या.

"तौबा, तौबा! इस उमर में तुम भी?"

"अल्ला की कसम, पानी के सिवा कुछ नहीं पिया."

"सबीच ऐसा बोलते," त्या म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या.

मी ओट्यावर बसलो. मला मळमळत होतं, डोकं फुटत होतं, सांजेची, मगरीबची अजान होत होती आणि मला उठवत नव्हतं. पण ते शब्द मला लख्ख कळले. तेच मी हरसिंगला सुनावले होते. मग मला रडू आलं. आत जैबुन्निसांना वाटलं असेल, पिणारे रडतातच.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत गेलो ते चोरासारखा. आधी उभा राहून काम केलं. बराच वेळ काही झालं नाही. मग उकिडवा बसलो आणि थोड्याच वेळात डोकं हलकं झालं. उठलो, दारात गेलो, परत बसलो, पुन्हा तेच. जमिनीकडं नजर गेली. टबाच्या भोवती पाच-सात झुरळं उताणी पडली होती. तशी ती रोजच पडायची, हरसिंग केरात काढायचा, आणि मला वाटायचं बरंच झालं. वर पाहिलं तर छताच्या कोपऱ्यात एक कोळी जाळ्यात मजेत बसलेला. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. टेट्रा जड, तशी त्याची वाफही जड. ती वर जात नाही. उडते, पण उडून जमिनीवरच बसते आणि पाण्यासारखी खालच्या खाली पसरते. तिला जायला एकच वाट होती, मोरीचं भोक, आणि त्यात मी माझ्या हातानं बोळा ठोसला होता. मी पंख्याखाली उभा, कोळी छताला. वाफेत नाकापर्यंत बुडालेला होता तो फक्त हरसिंग.

सायकल काढली आणि तांड्यावर गेलो. हरसिंग बाजेवर पडला होता. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. त्याची म्हातारी उशाशी बसून पेज पाजत होती. तो माझ्याकडं बघून उठायला लागला, मीच त्याला पडू दिलं. भोजू नायक आले.

"दारू काळजात उतरली की असंच होते सेठ," ते म्हणाले. "लय पायले मी."

"नायक, दारू नव्हती. माही चूक झाली. वास टेट्राचा होता, झिंगही टेट्राचीच. तुम्ही माझ्यासंगं चला आणि तो बसायचा तिथं बसून पाहा."

नायक हसले. पण आले. खिडकी लावली, चादर सोडली, आणि सत्तरीचा तो माणूस फेटा सावरत टबाशी उकिडवा बसला. मी दाराशी उभा. थोड्या वेळानं नायक गाल खाजवायला लागले. मग गालातल्या गालात हसायला लागले. मी घाबरून त्यांना हात दिला तर उठताना माझ्यावर रेलले.

"आगा बापा," ते म्हणाले, "बिनापेल्याचीच चढली ना हे!"

मी त्यांना अंगणात बसवलं, चादर काढली, खिडकी सताड उघडली. मला वाटलं, जिंकलो. नायकांनी चूळ भरली. मग म्हणाले, "सेठ, याच्यानं मानूस झिंगते, हे पटलं. पन मले झिंग आली म्हनून त्यानं पेलीच नाई, असं कसं म्हनू मी? मले उमरखेडले काय सांगता येईन?"

आणि ते बरोबर होतं. म्हाताऱ्यानं कोर्टातल्या वकिलासारखं माझ्या पुराव्याचं भोक दाखवलं. ज्याच्या एका वाक्यानं हरसिंगचं घर मोडलं, त्याच्या दुसऱ्या वाक्यानं ते जोडलं जाणार नव्हतं.

हरसिंगला बंडीत घालून आम्ही दोघांनी यवतमाळच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, पोट दाबलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला, "दारू किती पितो?"

हरसिंगनं डोळे मिटून घेतले. उत्तर द्यायचं त्यानं सोडूनच दिलं होतं.

"नाही पीत," मी म्हणालो. "टेट्रा हुंगतो. माझ्या दुकानात, माझ्यामुळं." आणि सगळं सांगितलं, खोली, मोरी, बोळा, उकिडवं बसणं, सहा-सात महिने.

डॉक्टरांनी त्याला भरती करून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं, तेव्हा त्यांच्या टेबलावर एक जाडं पुस्तक उघडं होतं. आजही मला ते दिसतं, कारण मी त्याच्याकडंच बघत होतो, हरसिंगकडं बघवत नव्हतं.

"हे विष थेट लिव्हरला धरतं," ते म्हणाले. "आणि दारू पिणाऱ्याला दुपटीनं धरतं. रोज पिणारा माणूस इतके महिने तिथं बसला असता तर तुम्ही त्याला माझ्याकडं आणलं नसतं, परस्पर मसणात नेलं असतं. हा जगला तो पीत नव्हता म्हणून."

नायकांनी काठी जमिनीवर टेकवली. "साहेब, हे तुमी लिहून द्यान का? मले वाचता येत नाई, पन उमरखेडले वाचनारे हायत."

डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या. नायक स्वतः एसटीनं ती चिठ्ठी घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी जमनाला घेऊन परत आले. दवाखान्यात ती हरसिंगच्या पायाशी बसली होती. मी दारातूनच परत फिरलो.

हरसिंग वाचला. पण पहिल्यासारखा झाला नाही. ऊन सोसेना, जड उचलवेना, तिखट चालेना. तो दवाखान्यात होता तेव्हा मी मागच्या खोलीत कंबरेएवढा ओटा बांधून घेतला, टब त्यावर चढवला. खिडकीच्या जागी मोठी जाळी. मोरीचा बोळा काढून तिथं तारेची जाळी ठोकली, उंदीर आले तर येवोत. तेव्हापासून माझ्या दुकानात टबाचं काम कोणी बसून केलं नाही. नागपुरातल्या ओळखीच्या लाँड्रीवाल्यांना पत्रं लिहिली, ओटा बांधा, मोरी उघडा. काहींनी बांधला. काहींनी मला हसून काढलं, म्हणाले, यवतमाळचा भाई पेटत नाही त्यालाही भ्यायला लागला. आता टेट्रा कुठल्याच लाँड्रीत सापडत नाही, आणि मला त्याची आठवण येत नाही असं म्हणालो तर खोटं होईल. डाग तो फार सुंदर काढायचा.

तीनेक महिन्यांनी एका दुपारी हरसिंग आला. सायकल हातात धरून, मागं जमना आणि मुलगी चालत. रंग परत आला होता, अंगावरचं मांस मात्र उतरलं होतं. मी त्याला आत नेलं, ओटा दाखवला. त्यानं ओट्याला हात लावून पाहिला, वाकून मोरीकडं पाहिलं, मग छताकडं. कोळी तिथंच होता.

"चांगलं केलं," तो म्हणाला.

"परत ये हरसिंग. उभ्यानं हलकं काम. नाहीतर टबाशी जाऊच नको, काउंटर सांभाळ. मी मागं राहतो."

त्यानं मान हलवली. नेरला त्याच्या मामेभावाचं इस्त्रीचं दुकान होतं, तिथं तो जाणार होता.

"हरसिंग, माही चूक झाली. हे मी तांड्यात सगळ्यांपुढं सांगितलं आहे. नायकांनी मानलं, जमनानं मानलं."

"हाव," तो म्हणाला. आवाज त्यानं तेव्हाही चढवला नाही. "नायकानं डाक्टरचं आयकलं. तुमी कोळ्याचं आयकलं. माहं कोनी आयकलं, भाई?"

मग आम्ही पुढं आलो. त्यानं जमनाकडून कागदात गुंडाळलेली ओढणी घेतली आणि काउंटरवर ठेवली. तीच, आरशांची. एका काठाला नवा डाग होता.

"कायचा डाग?" मी विचारलं.

"दिव्याचं तेल. आली त्या दिवशी देवापुढं वाकली, तवा लागलं."

मी ओढणी उचलली. हात सवयीनं नाकाकडं निघाला. जमना माझ्याकडं बघत होती. मी हात तसाच खाली आणला, ओढणी काउंटरवर ठेवली आणि चिठ्ठीवर लिहिलं, दिव्याचं तेल.